शाळिग्रामाचे दात

मराठवाड्याला समुद्र नाही, पण लातूर-नांदेडकडच्या घरांत समुद्र जागोजागी भेटतो. पूजेत शंख असतो. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. ज्या घरी पंचायतन आहे तिथे ताम्हनात शाळिग्राम असतो. आणि काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफेन’ मागितले की पांढरा, ठिसूळ, हाताला वजनच न लागणारा एक लांबट तुकडा पुडीत बांधून मिळतो. कुणी तो औषधासाठी नेतो, कुणी पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतो.

यांतले शंख आणि कवडी हे गोगलगायीच्या गोतातले. उरलेल्या दोघांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे नावे ऐकून कुणालाही वाटणार नाही. एकाच्या नावात गाव आहे, दुसऱ्याच्या नावात फेस. एकाचे तुळशीशी लग्न लावून मिरवतात, दुसरे कुटून पूड करतात. तरी दोन्ही कवचेच आहेत, आणि एकाच कुळातल्या प्राण्यांची आहेत. एवढेच नव्हे, शाळिग्रामातला प्राणी हुबेहूब त्याच्यासारख्या दिसणाऱ्या जिवंत प्राण्यापेक्षा या समुद्रफेनवाल्याला अधिक जवळचा आहे. हे नाते ठरले ते तोंडातल्या अवयवांवरून. कवचाने जे लपवले ते जबड्याने आणि दातांनी सांगितले. त्या अवयवांना मिळालेल्या नावांचा प्रवासही त्या शोधाइतकाच वळणावळणाचा आहे.

‘शाळिग्राम’ हे मुळात दगडाचे नाव नव्हे, ठिकाणाचे. नेपाळात गंडकीकाठी शालग्राम नावाचे विष्णुक्षेत्र होते. तिथली शिळा म्हणून ती शालग्रामशिळा. पुढे शिळा गळाली आणि गावच दगड झाला. पंचायतनातला गणपतीचा तांबडा शोणभद्रही असाच शोण नदीचे नाव घेऊन बसला आहे. मराठीने ‘शाल’चे ‘शाळि’ केले, शब्दाला आपला ळ दिला, आणि तो आडनावापर्यंत नेला. १८९१ साली अ‍ॅक्वर्थसाहेबाबरोबर पोवाड्यांचा संग्रह काढणारे शंकर तुकाराम शाळिग्राम वाचकांना आठवतील.

शाळिग्राम ओळखणाऱ्यांची स्वतःची परिभाषा आहे. आतल्या वेटोळ्याला ‘चक्र’ म्हणतात. शिळेला जे भोक असते त्याला कुणी ‘द्वार’ म्हणते, कुणी ‘वदन’. तोंड मोठे उघडे आणि उग्र असेल तर तो नृसिंह. चक्रे आली कुठून, याचेही उत्तर परंपरेकडे आहे: वज्रकीट नावाचा, वज्रासारख्या दातांचा किडा शिळा कुरतडत आत शिरतो आणि चक्रे उमटवतो. या कथेत दोन गोष्टी अचूक हेरल्या आहेत. दगडात एक जीव होता, आणि त्याला दात होते. फक्त क्रम उलटा आहे. आधी जीव होता, दगड मागून झाला. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता तेव्हा, साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी, त्याच्या तळाच्या काळ्या गाळात हे प्राणी गाडले गेले. तो गाळ म्हणजे आजचा स्पिती शेल. गंडकी त्यातले गोटे धुऊन खाली आणते.

आपल्या जमिनीत मात्र शाळिग्राम मिळणार नाही, आणि त्याचे कारण जमिनीच्या वयात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडून खडक तपासला गेला. वरचे ३३८ मीटर नुसते बेसाल्ट निघाले, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि मग थेट अतिप्राचीन पायाचा खडक. देगलूरकडे तोच जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. किनवटच्या बाजूला चुनखडक आहे, पण तोही कवचधारी प्राणी जन्मण्याच्या फार पूर्वीचा. मधली सगळी पाने कोरी. त्यातल्या त्यात जवळची जागा म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातले, धार जिल्ह्यातले बाघ. तिथल्या चुनखडकात प्लासेन्टिसेरस नावाचे चपटे वेटोळे सापडते. ‘प्लासेन्टा’ म्हणजे लॅटिनमध्ये चपटी पोळी. ‘सेरस’ म्हणजे काय, ते पुढे येतेच.

शास्त्राने या प्राण्यांना ‘अ‍ॅमोनाइट’ म्हटले. इजिप्तच्या अम्मोन देवाला मेंढ्याची शिंगे होती. वेटोळ्याचे दगड पाहून रोमन लोकांनी त्यांना अम्मोनची शिंगे म्हटले. त्याच अम्मोनच्या देवळाजवळ मिळणाऱ्या मिठावरून ‘अमोनिया’ आला. खताच्या पोत्यावरचे ‘अमोनियम’ आणि शाळिग्रामाचे शास्त्रीय नाव हे असे एकाच देवाच्या घरचे. अ‍ॅमोनाइटांच्या बहुतेक नावांना शेवटी ‘सेरस’ असते. स्पिती शेलमधल्या एका प्रजातीचे नाव ब्लॅनफोर्डिसेरस आहे, हिंदुस्थानात काम केलेल्या ब्लॅनफोर्डच्या आठवणीचे. हा सेरस म्हणजे ग्रीक ‘केरास’, शिंग. संस्कृत ‘शृंग’ आणि आपले ‘शिंग’ त्याचेच सगोत्र.

या सगळ्या कुळाचे नाव ‘सेफॅलोपॉड’. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचे ‘शीर्षपाद’ केले, कारण यांचे पाय डोक्यालाच फुटलेले असतात. यातला ग्रीक ‘पोद’ आणि आपला ‘पाद’ सख्खे. पण ‘केफाले’ म्हणजे डोके ऐकून ‘कपाळ’ आठवले तर तो भास समजावा. कपाळाचे नाते लॅटिन ‘कापुत’शी लावतात, केफालेशी नाही. गंमत अशी की ‘शीर्ष’ हा शब्दही शृंग आणि केरास यांच्याच मुळाचा आहे. म्हणजे ‘शीर्षपाद’ म्हणताना आपण नकळत अ‍ॅमोनाइटांचा ‘सेरस’च उच्चारतो.

याच कुळात बाहेर वेटोळे कवच बाळगणारा एक प्राणी आजही हिंदी आणि प्रशांत महासागरांत जिवंत आहे: नॉटिलस. नाव ग्रीक नावाड्याचे. त्यातले ‘नाउस’ आणि आपली ‘नौ’, ‘नाव’ एकच. खण पाडलेले कवच, शेवटच्या खणात प्राणी, मागच्या खणांत तरंगण्यापुरता वायू. अ‍ॅमोनाइटाची रचना बाहेरून अगदी हीच. त्यामुळे दीडदोनशे वर्षे शास्त्रज्ञ अ‍ॅमोनाइटाच्या मऊ शरीराचे चित्र काढताना नॉटिलसच समोर ठेवत होते. शिंग, नाव, शंख – सगळी नावे कवचावरून पडली होती आणि नातीही कवचावरूनच जुळवली जात होती.

मऊ शरीर कुजून जाते. टिकण्याजोगे त्यात थोडेच असते, आणि त्यातले बरेच तोंडात असते. शीर्षपादांच्या तोंडात पोपटासारखी, वरखाली मिटणारी चोच असते आणि तिच्या आत दातांच्या ओळींनी भरलेली जिभेसारखी पट्टी. नॉटिलसच्या चोचीचे टोक चुनखडीने कडक झालेले असते. अशी सुटी टोके खडकात सापडली तेव्हा त्यांना ‘ऱ्हिंकोलाइट’ म्हणजे चोचदगड हे नाव मिळाले आणि ते बरोबरच होते. अ‍ॅमोनाइटांच्या वाट्याला मात्र गोंधळ आला.

युरोपातल्या ज्युरासिक खडकांत जोडीने असणाऱ्या त्रिकोणी, जाड तकट्या सापडत. १८११ मध्ये जेम्स पार्किन्सनने – ज्याच्या नावाने पुढे कंपवात ओळखला जाऊ लागला तोच हा डॉक्टर – त्यांना शिंपला समजून ‘ट्रायगोनेलायटिस’ म्हटले, म्हणजे तिकोनी दगड. १८३० च्या सुमारास हर्मन फोन मायर याने ‘अ‍ॅप्टिकस’ हे नाव दिले. ग्रीकमध्ये ‘प्टिखे’ म्हणजे घडी. नकाराचा ‘अ’ लावला की घडी न पडलेला. हा ‘अ’ आपल्या ‘अशक्य’, ‘अबोल’मधलाच. म्हणजे नावात फक्त एवढेच कळत होते की ही वस्तू मिटत नाही. ती कुणाची आणि कशासाठी, याचा पत्ता नव्हता. काहींना ती समुद्रातल्या इतर प्राण्यांच्या कवचांचे भाग वाटली.

हा घोळ व्हायला रसायन जबाबदार होते. अ‍ॅमोनाइटाचे कवच अ‍ॅरागोनाइटचे, लवकर विरघळणारे. अ‍ॅप्टिकस कॅल्साइटचे, चिवट. खोल समुद्राच्या गाळात कवच विरघळून जाई आणि तकट्या तेवढ्या उरत. आल्प्समध्ये अशा तकट्यांनी भरलेले थरच्या थर आहेत आणि त्यांत अ‍ॅमोनाइट क्वचित दिसतो. उलट, मेलेल्या प्राण्याच्या शरीरातून जबडा गळून पडे आणि रिकामे कवच तरंगत दुसरीकडे जाई. मालक आणि त्याची वस्तू यांची अशी फारकत झाल्यावर दोघांच्या जाती वेगळ्या लावल्या गेल्या. जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या बारीक चुनखडकात मात्र अ‍ॅमोनाइटाच्या शेवटच्या खणात अ‍ॅप्टिकस जागच्या जागी बसलेला मिळाला आणि मालकीचा वाद संपला.

मग काम काय, हा वाद सुरू झाला. तकट्यांचा आकार कवचाच्या तोंडाशी जुळत होता. नॉटिलसला डोक्यावर चामड्यासारखे झाकण असते, ते ओढून घेतले की कवचाचे तोंड बंद होते. तेव्हा अ‍ॅप्टिकस हे दार. व्हिएन्नाचे फ्रीडरिख ट्राउथ यांनी १९२७ ते १९३८ या काळात अ‍ॅप्टिकसांवर भलामोठा अभ्यास लिहिला, त्यांची वर्गवारी लावली, आणि दाराची कल्पना पक्की रुजवली. १९७० मध्ये हाम्बुर्गचे उलरिख लेहमान यांनी अ‍ॅमोनाइट कापून, थर घासून पाहिले आणि दाखवले की हे दार नसून खालचा जबडा आहे. वरचा छोटा जबडा त्याच्याजवळ तसाच होता. पुढे १९९० मध्ये लेहमान आणि कुलित्स्की यांनी मधला मार्ग सुचवला: काही प्रकारांत हा रुंद जबडा खाण्याच्याही कामी येई आणि संकटात तोंड झाकायच्याही. शाळिग्रामाच्या एकाच भोकाला परंपरा ‘द्वार’ही म्हणते आणि ‘वदन’ही. युरोपातल्या प्रयोगशाळांना या दोन शब्दांमधून निवड करायला शतक लागले, आणि शेवटी दोन्ही ठेवावे लागले.

पण नात्याचा निकाल नुसत्या जबड्याने नव्हे, दातांच्या पट्टीने लागला. तिचे नाव ‘रॅड्युला’. लॅटिन ‘रादेरे’ म्हणजे खरवडणे, आणि रॅड्युला म्हणजे खरवडणी. संस्कृतात ‘रद्’ धातूचा अर्थ हाच: खरवडणे, कुरतडणे. त्यावरून ‘रद’, ‘रदन’ म्हणजे दात. त्यावरून गणपती ‘एकरद’ आणि हत्ती ‘द्विरद’. इंग्रजीतला रेझर आणि उंदीर-खारींचा ‘रोडंट’ हेही याच गोतातले. आपली ‘रद्दी’ आणि ‘रद्द’ मात्र अरबीतून आलेली. त्यांचा दातांशी संबंध नाही. रॅड्युलाला मराठी प्रतिशब्द शोधायला दूर जायला नको. सगोत्र शब्द गणेशाच्या नावातच आहे.

ही रदपट्टी सूक्ष्म असते, जबड्यांच्या आत दडलेली असते, आणि अ‍ॅमोनाइटांत ती क्वचितच टिकली आहे. जिथे टिकली तिथे एका आडव्या ओळीत किती अवयव बसतात हे मोजता आले. नॉटिलसच्या ओळीत तेरा असतात. माकूळ, म्हणजे तो समुद्रफेनवाला प्राणी, आणि त्याच्या भावंडांच्या ओळीत साधारणपणे नऊ. अ‍ॅमोनाइटाच्या ओळीत निघाले नऊ.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत लालकंधारी किंवा देवणी बैल पाहणारा शेतकरी या निकालाने चकित होणार नाही. विकणारा शिंगे साळून, रंगवून, बेगड लावून उभी करतो. घेणारा शिंगांकडे पाहत नाही, तो जबडा उघडतो: आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती की सहा दाती, हे तिथे कळते. शास्त्रज्ञही फार काळ ‘सेरस’ म्हणजे शिंग पाहत बसले होते. दात मोजल्यावर गोत्र बदलले. अ‍ॅमोनाइट नॉटिलसचा भाऊ नव्हे, माकुळाचा. डेव्होनियन काळात, चाळीस कोटी वर्षांच्या आसपास, सरळ कवचाच्या बॅक्ट्रिटिड नावाच्या पूर्वजांतून दोन शाखा फुटल्या असे आता मानतात. एका शाखेने कवच बाहेर ठेवून वेटोळे केले. दुसरीने कवच अंगाच्या आत घेतले, आणि त्यातल्या अनेकांनी पुढे ते टाकूनही दिले. नॉटिलसचे घराणे या दोघांच्या आधीच वेगळे झाले होते.

‘माकूळ’ हा शब्द लातूरकडे फारसा कानावर पडत नाही. तो कोकणचा, कुठे म्हाकूळ, कुठे माकूल. आठ हात, दोन लांब सोंडा, आणि घाबरले की शाई. त्याच्या अंगात पाठीखाली दडलेले कवच म्हणजेच समुद्रफेन. समुद्राच्या फेसाचा गोळा होऊन ते बनते असे नाव सुचवते, आणि हलकेपणामुळे ते पटतेही. पण तो हलकेपणा फेसाचा नाही. पातळ पडद्यांमधल्या असंख्य बारीक खणांचा आहे, आणि प्राणी त्यांत पाणी कमीजास्त करून वरखाली होतो. शाळिग्रामातल्या खणांचे कामही हेच होते. देवघरातला गोटा आणि औषधाच्या दुकानातला तुकडा ही एकाच युक्तीची दोन रूपे आहेत, आणि त्यांची भाऊबंदकी सिद्ध केली ती नऊ अवयवांच्या ओळीने.

तोंडावरून आहारही कळतो. २०११ मध्ये इझाबेल क्रुता आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी बॅक्युलाइटिस या सरळ कवचाच्या अ‍ॅमोनाइटाचे डोके दगड न फोडता पाहिले. ‘बॅक्युलम’ म्हणजे काठी. जबड्यांच्या मध्ये त्यांना डोळ्याला मुश्किलीने दिसतील अशी चिमुकली सावजे सापडली: एक बारीक गोगलगाय आणि तीन कोळंबीच्या गोतातले सूक्ष्म जीव, त्यातला एक अर्धा कापलेला. पकडायला, फोडायला धारदार चोच नव्हती. पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर हे प्राणी जगत होते. ज्यांचा खालचा जबडा असा अ‍ॅप्टिकसाचा होता, त्यांचे पोट तरंगत्या अन्नावर अवलंबून असावे.

ही माहिती लातूरच्या जमिनीला येऊन भिडते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातले हे तरंगते जीव मोठ्या प्रमाणावर मेले, आणि अ‍ॅमोनाइटही संपले. नॉटिलसचे पूर्वज वाचले. त्याच सुमारास दख्खनवर लाव्ह्याचे लोट पसरत होते. किल्लारीचे ते ३३८ मीटर म्हणजे त्याच लोटांची जाडी. मेक्सिकोकडे पडलेली उल्का आणि दख्खनचा लाव्हा यांत दोष कुणाचा किती, हा वाद अजून चालू आहे. शाळिग्राम मराठवाड्याच्या मातीत नाही. पण त्याच्या वंशाचा शेवट ज्या काळात झाला, तो काळच मराठवाड्याचा काळा खडक होऊन बसला आहे.

जबड्यांची आणखी एक वाट दख्खनपर्यंत आली आहे, आणि ती अत्तराची. स्पर्म व्हेल माकूळ गिळतो. मांस पचते, चोच पचत नाही. न पचलेल्या चोचींभोवती आतड्यात जो मेणचट पदार्थ साठतो तो अरबांचा ‘अंबर’. त्याच्या गोळ्यात माकुळांच्या चोची जशाच्या तशा मिळतात. युरोपीय भाषांनी हा शब्द उचलला, पुढे झाडाच्या पिवळ्या राळेलाही तोच लावला. संस्कृत ‘अंबर’ म्हणजे आकाश किंवा वस्त्र. हे दोघे नुसते समोच्चारी. गुलामांना सुगंधी वस्तूंची नावे देण्याची चाल होती. हबशी देशातल्या चापू नावाच्या मुलाला बगदादच्या धन्याने ‘अंबर’ म्हटले, आणि तो पुढे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर झाला. १६१० मध्ये त्याने वसवलेली खडकी म्हणजे नंतरचे औरंगाबाद. आजची वर्तमानपत्रे याच अंबरला ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणतात आणि ती विकताना पकडलेल्यांच्या बातम्या छापतात, कारण स्पर्म व्हेलला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. व्हेल मासा नाही, आणि अंबर बहुधा उलटीतून बाहेर पडतही नाही. नाव पुन्हा एकदा वरवर पाहून पडले.

अ‍ॅप्टिकसला मराठीत अजून रुळलेला शब्द नाही, तेव्हा नव्याने घडवताना जुन्या चुका टाळता येतील. जबड्याला संस्कृतात ‘हनु’ म्हणतात; तो आपल्या हनुवटीत आणि हनुमंतात आहे. दाराच्या फळीला ‘कपाट’. मराठीत कपाट भांडी-कपडे ठेवायला गेले, पण बदरीनाथाचे कपाट उघडल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो, म्हणजे जुना अर्थ जिवंत आहे. दोन तकट्या आहेत, जबडा आहे, आणि प्रसंगी दारही आहे. म्हणून माझी सूचना ‘हनुकपाट’ ही. रॅड्युलाला ‘रदपट्टी’ पुरेशी. आकारावरून नव्हे, कामावरून पडलेले हे शब्द निदान नाते लपवणार नाहीत.